परभणीचा खासदार : निष्ठेनंतरचा हिशेब

परभणी लोकसभा मतदारसंघाविषयी मराठवाड्यात एक वाक्य वर्षानुवर्षे ऐकवले जात असे. येथे शिवसेनेचा उमेदवार निवडून येतो, पण निवडून आलेला खासदार शिवसेनेत टिकत नाही. संजय ऊर्फ बंडू जाधव यांनी २०२२ च्या फुटीत उद्धव ठाकरे यांची साथ सोडली नाही आणि २०२४ मध्ये ते सलग तिसऱ्यांदा लोकसभेवर निवडून आले. त्यामुळे हे वाक्य निदान त्यांच्यापुरते खोटे ठरले आणि 'निष्ठावंत' हे विशेषण त्यांच्या नावाला कायमचे चिकटले. एखाद्या लोकप्रतिनिधीच्या दोन दशकांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन एवढ्या एका विशेषणावर थांबावे, ही गोष्ट मात्र विचार करायला लावणारी आहे. आपला खासदार पक्षातच राहिला याचे मतदाराला अप्रूप वाटावे, इतकी त्याची अपेक्षा खाली का आली, या प्रश्नाचे उत्तर परभणीच्या राजकीय इतिहासात शोधावे लागते.

विरोधाची जुनी परंपरा

परभणी हा मूळचा काँग्रेसचा बालेकिल्ला होता व पुढे तो शिवसेनेने हिसकावला, ही मांडणी अर्धीच खरी आहे. हा भाग हैदराबाद राज्यात असताना, १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत येथून शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे लोकसभेत गेले. त्यानंतर काँग्रेसचा दीर्घ काळ आला. शिवाजीराव देशमुख यांनी १९६२, १९६७ आणि १९७१ अशा तीन निवडणुका जिंकल्या. मात्र १९७७ मध्ये संधी मिळताच मतदारांनी पुन्हा शेकापच्याच शेषराव देशमुख यांना दिल्लीला पाठविले. १९८० व १९८४ मध्ये काँग्रेसचे रामराव यादव विजयी झाले. याचा अर्थ असा की, प्रस्थापितांच्या विरोधात मत देणारा शेतकरी वर्ग या जिल्ह्यात शिवसेना येण्याच्या कितीतरी आधीपासून होता. शेकापची संघटना क्षीण होत गेली तेव्हा त्या वर्गाला नव्या पक्षाची गरज होती. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मराठवाड्यात पसरलेल्या शिवसेनेने ती जागा भरून काढली.

१९८९ मध्ये परभणीतून अशोक देशमुख आणि औरंगाबादमधून मोरेश्वर सावे हे शिवसेनेचे उमेदवार लोकसभेवर निवडून आले. मुंबई-ठाण्याबाहेर पक्षाला पाय रोवता येतो, हे या निकालांनी दाखवून दिले. 'खान हवा की बाण' ही घोषणा याच मतदारसंघातील प्रचाराशी कायमची जोडली गेली. शेतकऱ्यांचा काँग्रेसवरील रोष आणि धार्मिक ध्रुवीकरण यांची सांगड त्या घोषणेने घातली. तेव्हापासून २०२४ पर्यंत लोकसभेच्या दहा निवडणुका झाल्या. त्यांपैकी केवळ १९९८ मध्ये काँग्रेसचे सुरेश वरपूडकर विजयी झाले. उरलेल्या नऊ वेळा परभणीने शिवसेनेच्या उमेदवारालाच कौल दिला. पक्षाच्या जन्मभूमीतल्या मतदारसंघांनाही अभिमान वाटावा, असे हे सातत्य आहे.

मतदार जागेवर, खासदार वाटेवर

मतदारांच्या या सातत्याला खासदारांनी मात्र तशी जोड दिली नाही. अशोक देशमुख १९९१ मध्ये दुसऱ्यांदा निवडून आले आणि त्यानंतर काँग्रेसच्या गोटात गेले. १९९६ व १९९९ मध्ये सुरेश जाधव विजयी झाले. २००४ मध्ये तुकाराम रेंगे पाटील लोकसभेत गेले. अणुकरारावरून डाव्या पक्षांनी पाठिंबा काढून घेतल्यावर जुलै २००८ मध्ये मनमोहन सिंग सरकारने विश्वासदर्शक ठराव मांडला, तेव्हा शिवसेनेने सरकारविरोधात उभे राहण्याचे ठरविले होते. रेंगे पाटील यांचे मत पक्षाच्या पारड्यात पडले नाही आणि पुढे तेही काँग्रेसवासी झाले. २००९ मध्ये पक्षाने गणेशराव दुधगावकर यांना उमेदवारी दिली. त्यांची आधीची कारकीर्द काँग्रेसमध्ये घडलेली होती. ते निवडून आले, पण २०१४ येईतो पक्षाची आणि त्यांची वाट वेगळी झालेली होती.

कायद्याच्या दृष्टीनेही हा इतिहास बोलका आहे. १९८५ मध्ये घटनेत दहावे परिशिष्ट आले आणि पक्षांतरबंदी लागू झाली. त्या कायद्यात सुरुवातीला एकतृतीयांश सदस्यांच्या फुटीला मुभा होती. ज्या पक्षाचे खासदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असत, त्याला ही मुभा फार महाग पडे, कारण दोन-तीन सदस्य फुटले तरी कायदेशीर 'फूट' सिद्ध होई. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ही पळवाट बुजविली. तरीही २००८ मध्ये पक्षादेश झुगारले गेलेच आणि २०२२ मध्ये तर 'आम्हीच मूळ पक्ष' असा नवा दावा पुढे आला. कायदा जसजसा कडक होत गेला तसतशा पक्ष सोडण्याच्या रीतीही बदलत गेल्या.

या संदर्भात फ्रान्सचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील १९५८ च्या राज्यघटनेचे २७ वे कलम संसद सदस्यावर कोणताही बंधनकारक आदेश लादण्यास मनाई करते आणि सदस्याचे मत हे त्याचे वैयक्तिक मत मानते. तेथे खासदाराने संसदीय गट बदलला म्हणून त्याचे सदस्यत्व जात नाही. भारताने नेमका उलटा मार्ग स्वीकारला. भारतात पक्षादेश मोडणाऱ्याच्या डोक्यावर अपात्रतेची तलवार असते. फ्रेंच व्यवस्थेत बदललेल्या भूमिकेचा जाब पुढच्या निवडणुकीत मतदार विचारतो. भारतीय व्यवस्थेत तो जाब कायद्याने विचारावा, अशी कल्पना होती. परभणीच्या अनुभवात मात्र कायद्याचा धाक फारसा उपयोगी पडला नाही आणि अखेर मतदारालाच तो जाब विचारावा लागला. पक्ष सोडून गेलेल्यांना परभणीतून पुन्हा लोकसभा गाठता आली नाही, ही नोंद त्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

शाखेतून संसदेत

अशा मतदारसंघात बंडू जाधव यांचा उदय झाला. मोठ्या सहकारी संस्थेचा किंवा शिक्षणसंस्थेचा वारसा घेऊन ते राजकारणात आले नाहीत. शिवसेनेच्या संघटनेतून वर आलेला कार्यकर्ता ही त्यांची मूळ ओळख. २००४ मध्ये ते परभणी विधानसभा मतदारसंघातून आमदार झाले आणि २००९ मध्ये त्यांनी ती जागा राखली. २०१४ मध्ये पक्षाने त्यांना लोकसभेची उमेदवारी दिली.

त्यांच्या तीन लोकसभा निवडणुका शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर त्यांच्या पायाखालची जमीन किती बदलली हे लक्षात येते. २०१४ मध्ये देशभर नरेंद्र मोदी यांची लाट होती आणि शिवसेना-भाजप एकत्र होते. जाधव यांना ५ लाख ७८ हजार ४५५ मते पडली व राष्ट्रवादी काँग्रेसचे विजय भांबळे यांचा त्यांनी १ लाख २७ हजार १५५ मतांनी पराभव केला. २०१९ मध्ये युती कायम होती, लाटही ओसरलेली नव्हती, तरी जाधव यांची मते घटून ५ लाख ३८ हजार ९४१ झाली. राष्ट्रवादीचे राजेश विटेकर यांच्यावरील त्यांची आघाडी अवघी ४२ हजार १९९ इतकी राहिली. वंचित बहुजन आघाडीचे आलमगीर खान यांनी त्या वेळी दीड लाखांच्या घरात मते घेतली होती. विरोधी मतांची ही विभागणी झाली नसती तर निकाल कदाचित वेगळा लागला असता, ही चर्चा तेव्हा जिल्ह्यात सर्वत्र होती.

२०२४ मध्ये परिस्थिती पूर्णपणे उलटली. भाजप विरोधात होता. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण हे चिन्ह एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले होते. ज्या चिन्हावर परभणीने पिढी घडविली, ते चिन्ह जाधव यांच्या हातात नव्हते. त्यांना 'मशाल' घेऊन गावोगाव जावे लागले. तरीही त्यांना ६ लाख १ हजार ३४३ मते मिळाली आणि महायुतीचे उमेदवार, राष्ट्रीय समाज पक्षाचे महादेव जानकर यांच्यावर त्यांनी १ लाख ३४ हजार ६१ मतांची आघाडी घेतली. मोदी लाटेत मिळालेल्या आघाडीपेक्षा ही आघाडी अधिक होती. २०१९ मध्ये महाराष्ट्रातून निवडून आलेल्या शिवसेनेच्या १८ खासदारांपैकी १३ शिंदे यांच्याकडे गेले. अरविंद सावंत, विनायक राऊत, राजन विचारे, ओमराजे निंबाळकर आणि संजय जाधव हे पाचजण ठाकरे यांच्याबरोबर राहिले. या पाचांपैकी सावंत, निंबाळकर आणि जाधव हे तिघे २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले.

विजयाचा अर्थ कोणता?

हा केवळ निष्ठेचा विजय मानणे सोयीचे असले तरी ते पुरेसे नाही. २०२४ मध्ये मराठवाड्यातील आठपैकी सात जागा महाविकास आघाडीने जिंकल्या. एका व्यक्तीच्या गुणांनी असा निकाल येत नसतो. जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटी येथे सप्टेंबर २०२३ मध्ये झालेल्या लाठीमारानंतर मराठा आरक्षणाचे आंदोलन पेटले आणि त्याची सर्वाधिक धग याच पट्ट्याला लागली. परभणी लोकसभा मतदारसंघात परभणी जिल्ह्यातील चार विधानसभा क्षेत्रांबरोबर जालना जिल्ह्यातील परतूर आणि घनसावंगी ही दोन क्षेत्रेही येतात, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. महायुतीने या जागेवर धनगर समाजाचे नेते असलेल्या आणि मूळ सातारा जिल्ह्यातील असलेल्या जानकर यांना उभे केले. ही जागा अजित पवार यांच्या राष्ट्रवादीच्या वाट्यातून त्यांना सोडण्यात आली होती. त्यामुळे स्थानिक विरुद्ध बाहेरचा आणि मराठा विरुद्ध इतर मागासवर्ग असे दोन्ही ताण एकाच लढतीत उतरले. प्रचारासाठी खुद्द पंतप्रधान परभणीत येऊन गेले, तरी चित्र पालटले नाही.

शेतमालाच्या भावाचा मुद्दा तितकाच प्रभावी होता. त्या हंगामात सोयाबीनची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ४ हजार ६०० रुपये होती आणि बाजारातील भाव त्याच्याही खाली रेंगाळत होते. कापूस आणि सोयाबीन यांवर जगणाऱ्या जिल्ह्यात या आकड्यांना कोणत्याही भाषणापेक्षा अधिक वजन असते. या असंतोषाचा लाभ विरोधी उमेदवाराला मिळणार, हे उघड होते.

सर्वांत मोठे परिवर्तन मात्र मतांच्या गोळाबेरजेत झाले. ज्या मतदारसंघात 'खान हवा की बाण' या घोषणेने शिवसेना रुजली, तेथेच २०२४ मध्ये मुस्लिम मतदारांचा मोठा वर्ग भाजपच्या विरोधात मशालीच्या मागे उभा राहिल्याचे बहुतेक निरीक्षकांचे मत आहे. या वेळी 'वंचित'ने हवामानाच्या अंदाजांमुळे शेतकऱ्यांत परिचित असलेले पंजाब डख यांना उमेदवारी दिली होती व त्यांना ९५ हजारांवर मते पडली. २०१९ मधील दीड लाखांच्या तुलनेत ही घट लक्षणीय आहे. ज्या मतांच्या विरोधात आपला पक्ष जिल्ह्यात उभा राहिला, त्याच मतांच्या साथीने जाधव तिसऱ्यांदा संसदेत गेले. जुना शिवसैनिक आणि नवा मतदार यांना एका छत्राखाली टिकवून धरणे, ही त्यांच्या तिसऱ्या कार्यकाळाची खरी राजकीय कसोटी ठरली.

या आधाराच्या मर्यादा फार लवकर दिसून आल्या. नोव्हेंबर २०२४ मधील विधानसभा निवडणुकीत मतदारसंघातील सहापैकी केवळ परभणीची जागा ठाकरे गटाचे राहुल पाटील यांनी राखली. जिंतूर, गंगाखेड, पाथरी, परतूर आणि घनसावंगी या उरलेल्या पाचपैकी एकही जागा महाविकास आघाडीला मिळाली नाही. पाच-सहा महिन्यांपूर्वी सव्वा लाखांहून अधिक आघाडी देणारा मतदार विधानसभेला दुसरीकडे वळला. लोकसभेचे मत खासदाराला होते, आरक्षणाच्या प्रश्नावर होते की दिल्लीतील सरकारवरील रागाचे होते, याचा उलगडा त्या निकालाने पुरता केला नाही. परंतु ते मत पक्षाच्या खात्यात कायमचे जमा झालेले नव्हते, एवढे त्याने स्पष्ट केले.

बाजार समितीचे राजकारण

जाधव यांच्या कारकिर्दीतील एक प्रसंग मतदारसंघातील सत्तेचे स्वरूप समजून घेण्यास उपयुक्त आहे. ऑगस्ट २०२० मध्ये, उद्धव ठाकरे स्वतः मुख्यमंत्री असताना, जाधव यांनी खासदारकीचा राजीनामा त्यांच्याकडे पाठविला. निमित्त होते जिंतूर कृषी उत्पन्न बाजार समितीवरील अशासकीय प्रशासक मंडळाच्या नियुक्तीचे. मित्रपक्ष असलेल्या राष्ट्रवादीला झुकते माप मिळते आणि शिवसेनेच्या कार्यकर्त्याला न्याय मिळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. पक्षप्रमुखांच्या भेटीनंतर हे प्रकरण निवळले.

लोकसभेच्या सदस्याने एका तालुक्याच्या बाजार समितीवरून पद सोडण्याची भाषा करावी, याचे मुंबई-पुण्याच्या वाचकाला आश्चर्य वाटेल. ग्रामीण मराठवाड्यात मात्र कार्यकर्त्याला पक्षाचा उपयोग होतो तो बाजार समिती, सोसायटी, जिल्हा बँक आणि पंचायत समिती यांच्या दारात. ही ठाणी हातात नसतील तर खासदाराच्या मागे उभी राहणारी माणसे पांगतात. फ्रान्समध्येही अनेक दशके खासदार एकाच वेळी आपल्या गावाचा महापौर असे आणि त्याची खरी ताकद त्या गावकारभारात असे. २०१४ च्या कायद्याने हा दुहेरी कारभार निषिद्ध केला व २०१७ पासून त्याची अंमलबजावणी झाली. राष्ट्रीय कायदे करणाऱ्याने गावच्या पदात गुंतू नये, हा त्यामागील विचार होता. परभणीच्या खासदाराकडे असे दुसरे पद नसले, तरी त्याचे लक्ष आणि शक्ती मात्र बहुतांशी तेथेच खर्च होते. संसदेतील चर्चा, प्रश्न व समित्या यांना मिळणारा वेळ त्यातूनच वजा होतो.

मोजमाप कशाने करावे?

खासदाराच्या हाती प्रत्यक्ष निधी फारसा नसतो. स्थानिक विकासासाठी त्याला वर्षाला पाच कोटी रुपये मिळतात. सहा विधानसभा क्षेत्रांत विभागले तर एका क्षेत्राच्या वाट्याला कोटीभरही येत नाहीत आणि करोनाच्या काळात तर हा निधीही काही काळ थांबविण्यात आला होता. तेव्हा सभामंडप आणि रस्त्यांच्या तुकड्यांवरून खासदाराची परीक्षा घेणे अन्यायाचे होईल. त्याची परीक्षा मोठ्या प्रश्नांवर, सातत्याने केलेल्या पाठपुराव्यावर व्हावयास हवी.

असे प्रश्न परभणीत कमी नाहीत. १९७२ मध्ये येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तेवढ्या तोडीची दुसरी संस्था जिल्ह्याला मिळण्यास नंतर अर्धशतक जावे लागले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासाठी जिल्ह्यात सर्वपक्षीय आंदोलने झाली, त्यात जाधव अग्रभागी होते आणि २०२३ मध्ये ते महाविद्यालय सुरू झाले. रेल्वेच्या बाबतीत परभणी हे मोठे जंक्शन असूनही तो प्रदेश सिकंदराबादच्या मुख्यालयाशी बांधलेला आहे. परभणी ते मुदखेड दुहेरीकरण झाले, पण पश्चिमेकडील मार्ग एकेरीच राहिला. परभणी ते छत्रपती संभाजीनगर या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी ३१ जुलै २०२५ रोजी मिळाली. अनेक खासदारांनी आणि प्रवासी संघटनांनी वर्षानुवर्षे लावून धरलेल्या या मागणीचे श्रेय कोणा एकाला देता येणार नाही. तसेच ती इतकी वर्षे का रखडली, याची जबाबदारीही एकट्या कोणावर टाकता येणार नाही.

याच ठिकाणी पक्षांतराच्या इतिहासाची खरी किंमत कळते. रेल्वेमार्ग, धरणाचे कालवे, महाविद्यालय ही दहा-दहा वर्षांची कामे असतात. त्यांना एकाच माणसाचा दीर्घ पाठपुरावा लागतो. २०१४ पूर्वी परभणीचा खासदार निवडून आल्यानंतर काही वर्षांतच पक्षाशी भांडण्यात किंवा नव्या पक्षात स्थिरावण्यात गुंतलेला दिसे. पुढच्या निवडणुकीत नवा माणूस येई आणि फायली पुन्हा पहिल्यापासून उघडल्या जात. मतदाराने पक्ष बदलला नाही, तरी त्याच्या प्रश्नांचा वकील मात्र बदलत राहिला. जाधव यांच्या तीन विजयांनी हा क्रम प्रथमच मोडला. एवढा सलग काळ १९८० नंतर या मतदारसंघात दुसऱ्या कोणाला लाभला नव्हता.

म्हणून त्यांच्याकडून अपेक्षाही इतरांपेक्षा अधिक ठेवणे रास्त आहे. २०१४ ते २०१९ या काळात ते केंद्रातील सत्तारूढ आघाडीचे खासदार होते, नंतर विरोधी बाकांवर गेले. सत्तेजवळ असताना काय मिळविले आणि विरोधात असताना काय लावून धरले, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांना द्यावी लागतील. पक्षाशी एकनिष्ठ राहणे हा लोकप्रतिनिधीचा किमान धर्म आहे. आधीच्यांनी तो पाळला नाही म्हणून परभणीकरांना तो पराक्रम वाटला आणि त्यांनी त्याचे भरभरून माप मतपेटीत टाकले. ते माप आता देऊन झाले आहे. यापुढे निष्ठेच्या नावावर दुसऱ्यांदा मते मागता येणार नाहीत. सोयाबीनचा भाव, कालव्याचे पाणी आणि दुहेरी रेल्वेमार्गावर प्रत्यक्ष धावणारी गाडी यांचाच हिशेब तेव्हा मांडला जाईल. तो मागण्याची सवय परभणीच्या मतदाराने लावून घेतली, तर पक्षांतराच्या तीन दशकांनी झालेले नुकसान थोडेतरी भरून निघेल.